हा डबा सारखा वाजतोय!

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. इंजिनियरिंग संपवून तो नुकताच मेहसाण्याच्या बाजूला एका ड्रिलिंग रिगवर लागलाय. नोकरीचा दुसरा आठवडा. इतक्या रात्री फोन म्हटल्यावर आमच्या घरात आधी काळजाचा ठोका चुकतो आणि मग फोन उचलला जातो. पलीकडून चिरंजीव म्हणाले, "काका, तो गॅसचा डबा सारखा वाजतोय हो. मेनूत जाऊन बंद कसा करायचा?"

मी सोळा वर्षं रिगवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, त्यातली अकरा ओमानच्या वाळवंटात. त्या सोळा वर्षांत हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कुठलाच नाही. हिंदीत, अरबीत, मोडक्या इंग्रजीत, आणि एकदा तर नुसत्या हातवाऱ्यांनी. "हा नेमकं काय मोजतो?" असं विचारणारे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेलाची किंवा गॅसची विहीर खणताना जमिनीखालून काय वर येईल याचा नेम नसतो. म्हणून रिगवर दोन प्रकारची गॅस पकडणारी यंत्रं असतात. एक कायमची ठोकलेली - ड्रिल फ्लोअरवर, चिखल चाळतात त्या शेल शेकरपाशी, मड टँकवर, विहिरीच्या तोंडाजवळ. त्यांच्या तारा एका पॅनेलला जातात आणि तिथून भोंगा आणि दिवे. दुसरा म्हणजे प्रत्येकाच्या छातीवर लटकवलेला मोबाईलएवढा डबा. त्यात बहुधा चार सेन्सर असतात: पेटणारा वायू, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड. या शेवटच्याला आम्ही सगळे एचटूएस म्हणायचो, आणि खरी भीती त्याचीच.

एचटूएसचा वास सडक्या अंड्यासारखा येतो असं प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. माझ्या बॅचला एक सांगलीकडचा जैन मुलगा होता. तो बिचारा हळूच म्हणाला, "सर, मी ताजं अंडंसुद्धा कधी हुंगलेलं नाही." सगळा वर्ग हसला. पण त्याचं म्हणणं तसं गैर नव्हतं, कारण नाकावर भरवसा ठेवायचाच नसतो. हा वायू अगदी थोडा असताना, म्हणजे दहा लाखांत एक भागापेक्षाही कमी असताना वास येतो. १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. ७०० ते १००० ला एक-दोन श्वासांत माणूस खाली. शिवाय हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात साचून बसतो. त्या १०० आणि ७०० च्या खूप आधी, १० पीपीएमला, डबा ओरडतो. त्याचं काम एवढंच. पण हे काम तो नीट करतोय की नाही हे कळायला त्याचा मेनू कळावा लागतो, आणि इथेच सगळा गोंधळ आहे.

डबा चालू केला की तो थरथरतो, दिवे मारतो, ओरडतो आणि मग स्क्रीनवर आकडे पळवतो. १०, १५, १९.५, २३.५... लोकांना वाटतं मशीन सुरू होतंय. ते वाट बघतात. खरं तर त्या वेळी तो सांगत असतो की आज मी कुठल्या आकड्याला ओरडणार आहे. एचटूएस १० ला पहिली हाक, १५ ला दुसरी (काही ठिकाणी २०). ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी बोंब, २३.५ च्या वर गेला तरी बोंब, कारण जास्त ऑक्सिजनमध्ये साधं फडकंही भडकन पेटतं. पेटणारा वायू १० टक्के एलईएलला. हे १० टक्के म्हणजे हवेत १० टक्के गॅस नव्हे बरं का! हवेत मिथेन साधारण ५ टक्के झाला की तो पेटू शकतो, ती ५ टक्क्यांची पातळी म्हणजे १०० एलईएल. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे अर्धा टक्का. माझ्या ओळखीचे पंधरा वर्षं रिगवर काढलेले लोक आहेत ज्यांना हा फरक शेवटपर्यंत माहीत नव्हता.

त्यानंतर डबा विचारतो, शून्य करू का? बरेच जण विचार न करता 'हो' दाबतात, आपण बँकेच्या वेबसाइटवर अटी मान्य करतो तसं. आणि हे 'हो' कुठे दाबतात? तर चार्जर जिथे असतो त्या खोलीत, किंवा जनरेटरच्या धुरात उभं राहून, किंवा थेट शेकरपाशी. आता समजा तिथे आधीच ५ पीपीएम एचटूएस आहे. डबा त्या पाचालाच शून्य मानणार. मग तो १० ला ओरडेल तेव्हा खरे १५ झालेले असतील. आणि हाच डबा नंतर स्वच्छ हवेत नेला की उणे आकडा दाखवतो किंवा उलट तक्रार करतो, तेव्हा लोक म्हणतात, "बघा, मशीनच भिकार आहे."

शून्य हा या यंत्रावरचा सगळ्यात फसवा आकडा आहे असं माझं ठाम मत आहे. स्क्रीनवर शून्य म्हणजे गॅस नाही, हा एक अर्थ. सेन्सर मेलाय, हा दुसरा. दोन्ही शून्यं दिसायला अगदी सारखी. पेटणाऱ्या वायूचा जुन्या जातीचा सेन्सर म्हणजे तापलेला मणी असतो, गॅस त्याच्यावर जळतो आणि त्यावरून मोजणी होते. सिलिकॉन असलेला एखादा स्प्रे कोणी शेजारी फवारला, बस्स, मण्यावर थर बसतो आणि तो आंधळा होतो. एचटूएसचा सेन्सर म्हणजे छोटी रासायनिक बॅटरीच, दोन-तीन वर्षांत दमते, वाळवंटातल्या कोरड्या हवेत त्याहून लवकर सुकते. दोघेही मरताना ओरडतीलच असं नाही. ते शांतपणे शून्य दाखवत राहतात. म्हणून बंप टेस्ट. छोट्या सिलिंडरमधला ठरलेल्या प्रमाणाचा खरा वायू नळीने डब्यावर सोडायचा आणि तो ओरडतोय का ते पाहायचं. अर्ध्या-एक मिनिटाचं काम. ज्याने दिवसाच्या सुरुवातीला आपला डबा खऱ्या गॅसवर ओरडलेला ऐकलाय, त्यालाच दिवसभर त्याच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवायचा हक्क आहे.

हे सगळं मला माहीत होतं. शिकवायचोही मीच. आणि तरीही मी जे केलं ते आज लिहितोय. वीस वर्षं होत आली, घरी बायकोला सोडून कोणाला सांगितलेलं नाही.

२००६ चा डिसेंबर. वाळवंटात थंडीत पहाटे असं दव पडतं की पत्र्यांवरून पाणी ओघळतं. शेल शेकरपाशी एचटूएसचा जो सेन्सर होता तो अर्धवाहक जातीचा. उन्हाळ्यातल्या भट्टीत तो टिकतो म्हणून त्या भागात वापरतात, पण हवेतला दमटपणा एकदम बदलला की बावचळतो. त्या रात्री शेकरवर वाफेची सफाई चालली होती, वर दव. अडीच वाजता भोंगा. सगळा कँप उठून, अर्धवट कपड्यांत, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा बघत जमायच्या जागी. मोजणी झाली, हातातले डबे शून्य, काही नाही. पुन्हा झोपले. साडेतीनला पुन्हा भोंगा. पुन्हा सगळे. सव्वाचारला तिसऱ्यांदा. तोवर ड्रिलरने मला माझ्या खानदानासकट ऐकवलं होतं. बारा तासांची ड्यूटी करून झोपलेल्या माणसाला एका रात्रीत तीनदा उठवलं तर सकाळी पाइप हाताळताना त्याचीच बोटं जातील, हा त्याचा मुद्दा होता, आणि तो मुद्दा खोटा नव्हता. हे लक्षात ठेवा. खोट्या अलार्मची किंमत शून्य नसते.

मी पॅनेलपाशी गेलो. पासवर्ड टाकला, मेनूत त्या चॅनेलवर आलो आणि 'इनहिबिट' निवडलं. म्हणजे सेन्सर आकडा दाखवत राहणार, पण भोंग्याला सांगणार नाही. पॅनेलवर एक पिवळा ठिपका लागला. मनात म्हटलं, तासाभरात सफाई संपेल, दव वाळेल, मग काढून टाकू. कागदावर नोंद केली नाही, कारण तासाभराचंच तर काम. सहाला माझी पाळी संपली. बदलीवाल्याला मी बाकी सगळं सांगितलं, अगदी कॉफीचं मशीन बिघडलंय हेही सांगितलं. हे विसरलो. दुसऱ्या रात्री ड्यूटीवर येऊन जेवण करून पॅनेलसमोर बसलो आणि तो पिवळा ठिपका दिसला. पंधरा तासांहून जास्त वेळ, खरा वायू जिथे सगळ्यात आधी वर येतो त्या जागेचं तोंड मी बांधून ठेवलं होतं. दिवसभर एक बिहारचा आणि एक बलुची, असे दोन जण त्याच शेकरवर चाळण्या बदलत होते.

झालं काहीच नाही. गॅस आला नाही. मी इनहिबिट काढलं, सेन्सर तपासला आणि गप्प बसलो. कोणालाच कळलं नाही, त्यामुळे कोणी काही शिकलंही नाही, आणि यात मीही आलो. कारण खरं सांगायचं तर पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा एकदा इनहिबिट वापरलं. फक्त या वेळी वहीत लिहिलं, एवढीच प्रगती.

मग आलं २०१०. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन पेटली, अकरा माणसं गेली. जुलैमध्ये चौकशीत त्या रिगचा मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ माइक विल्यम्स याची साक्ष झाली. त्याने सांगितलं की रिगचा जनरल अलार्म 'इनहिबिटेड' ठेवलेला होता. सेन्सर गॅस पकडत, पॅनेलवर दाखवत, पण भोंगा आपोआप वाजत नसे, आणि हे बराच काळ तसंच चाललं होतं. कारण? खोट्या अलार्मने लोकांना पहाटे तीनला उठवायचं नव्हतं. रिगच्या मालक कंपनीचं म्हणणं असं की भोंगा माणसाने वाजवायचा ही रचना जहाजांवर रूढच आहे. मी ती बातमी कँपच्या मेसमध्ये बसून वाचली. तोच शब्द. तोच पहाटेचा सुमार. ताटातला भात तसाच राहिला. तो स्फोट त्या एका सेटिंगमुळे झाला नाही, त्याची कारणं विहिरीत होती हे मला कळतं. पण माझ्यापासून अर्ध्या जगावर, माझ्यासारख्याच कोणीतरी, माझ्याचसारखा दयाळू विचार करून तो पर्याय निवडला असणार, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही ते गेलंच नाही.

लोक अशा वेळी 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट सांगतात. खोटं ओरडत राहिलं की खऱ्या वेळी कोणी येत नाही. ही गोष्ट आपण नेहमी त्या पोराला शिकवण म्हणून सांगतो. गावकऱ्यांना कोणी काही सांगत नाही! अरे बाबांनो, शेवटी लांडगा आलाच की. रानात लांडगा होताच. आणि डबा तर पोरासारखा गंमत म्हणून ओरडत नाही. तो 'खोटं' ओरडतो तेव्हाही काहीतरी सांगत असतो: मला इथे चुकीच्या जागी लावलंय, माझ्यावर वाफ येतेय, माझी जात या हवेला चालत नाही. एकदा बॅटरी चार्ज करायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वाजायचा. धूर नाही, इंजिन नाही, मोनॉक्साईड येणार कुठून? सगळ्यांनी यंत्राला शिव्या दिल्या. वाजत होता हायड्रोजनमुळे. मोनॉक्साईडच्या सेन्सरला हायड्रोजनही कळतो, नाव चुकीचं सांगतो इतकंच. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांतून तो निघत होता, खोलीचा पंखा बंद पडला होता, आणि हायड्रोजन एका ठिणगीत पेटतो. त्या 'खोट्या' अलार्मने ती खोली वाचवली.

माझं म्हणणं तुम्हाला पटेल न पटेल, पण सांगतो. इनहिबिट हा पर्याय काढून टाका असं मी म्हणणार नाही, दुरुस्ती करताना तो लागतोच. पण मुदतीशिवाय तो असता कामा नये. तासाभराने आपला आपण सुटला पाहिजे, आणि पुन्हा लावायचा तर दुसऱ्या माणसाची सही हवी. काही नव्या पॅनेलांत अशी सोय असते. जुनी पॅनेलं मात्र पुष्कळ वर्षं चालतात. आणि तो ठिपका पिवळा कशाला? लाल, हाताएवढा, ड्रिलरच्या डोळ्यांसमोर हवा. खोट्या अलार्मचा राग ड्रिलरने टेक्निशियनवर काढण्यापेक्षा सेन्सर हलवायला लागणाऱ्या चार मीटर केबलसाठी ऑफिसवर काढावा. मी ती केबल मागितली होती. तीन महिन्यांनी आली. त्या तीन महिन्यांत 'सुरक्षा प्रथम'ची नवी पोस्टरं मात्र दोनदा येऊन गेली.

आणि दुसरं, मेनू ज्याच्या छातीवर आहे त्याला तो कळला पाहिजे. आमच्याकडे पासवर्ड टेक्निशियनकडे, पुस्तक सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात, आणि डबा चाळण्या बदलणाऱ्याकडे. त्याला एवढंच शिकवलेलं की वाजला की पळ. मग तो काय करणार? बॅटरी संपत आल्याची टुकटुक आणि गॅसची बोंब यांतला फरक त्याला माहीत नाही. प्रत्येक टुकटुकीला तो दोनदा पळतो, तिसऱ्यांदा डबा ओव्हरऑलच्या आतल्या खिशात ठेवतो. चिखल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चिकटपट्टी मारलेले डबे मी स्वतः सोडवलेत. त्या माणसाला मूर्ख म्हणणं सोपं आहे. त्याच्या पगारातून हरवलेल्या डब्याचे पैसे कापायची धमकी मिळालेली असते हे जरा विचारलं की कळतं.

२००३ मध्ये चीनमध्ये चोंगछिंगजवळ कायशियानला एक गॅसची विहीर उसळली. २३ डिसेंबरची रात्र. त्यातून जो एचटूएस बाहेर पडला त्याने २४३ माणसं मारली, साठ हजारांहून जास्त लोकांना घरंदारं सोडावी लागली. मेलेल्यांत बहुतेक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी. रिगवरच्या लोकांना काय होतंय ते कळलं होतं. खालच्या दरीत झोपलेल्यांकडे ना डबा, ना भोंगा. आणि आपल्याकडे, कशाला लांब जायचं, मुंबई-पुण्यात गटाराच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाला मारतो तोही बहुतेक वेळा हाच वायू. पहिला उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. माणसाला असं गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, मृत्यूची भरपाई तीस लाख करा असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं. पेपरात अशा बातम्या अजून येतात. आम्ही तिकडे वाजणारा डबा बंद कसा करायचा म्हणून मेनू चाळत होतो, आणि इथे तो डबाच नाही.

असो. पुतण्याच्या फोनकडे वळतो.

मी त्याला म्हटलं, "बंद करू नकोस. आधी सांग, कसा वाजतोय? लागोपाठ की मधूनमधून?" म्हणाला, "साधारण मिनिटाला एकदा, टुक करून." "लाल दिवे?" "नाही." "स्क्रीनवर आकडे काय?" त्याने वाचले: शून्य, २०.९, शून्य, शून्य. "आणि कोपऱ्यात काही चिन्ह?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "एक छोट्या बाटलीसारखं काहीतरी आहे. मला वाटलं पाण्याची बाटली!" मला हसू आलं. बंप टेस्टची तारीख उलटून गेली होती, डबा एवढंच सांगत होता. म्हटलं, "तपासायचा गॅस कुठे असतो ते उद्या सकाळी स्टोअरमध्ये विचार. सिलिंडरवरची तारीख बघ. आणि तोवर शेकरकडे फिरकू नकोस." तो जरा कुरकुरला. नव्या माणसाने दुसऱ्याच आठवड्यात स्टोअरवाल्याला तारखा विचारायच्या म्हणजे... मला कळतं ते. मी पंचविशीत असतो तर विचारलं नसतं.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. स्टोअरमधला सिलिंडर मुदत संपलेला निघाला. शेजारच्या रिगवरून दुसरा आणला. चारांपैकी तीन सेन्सर ठीक. एचटूएसवर २५ पीपीएमचा गॅस सोडला तरी स्क्रीनवर शून्यच. खाली त्याने विचारलं होतं, "काका, आमच्या पाळीत असे अजून अकरा डबे आहेत. मी सगळे तपासायला मागितले तर आगाऊपणा वाटेल का?"

मी लिहिलं, वाटेल. तरी माग.

काल रात्रीपर्यंत सात झाले होते. त्यातला अजून एक गेलेला निघाला.